शाळेत सेन्सरची उपकरणं बनवून इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचंय? मग आर्डुइनो थोडा वेळ बाजूला ठेवा

आमच्या सायन्स क्लबमध्ये आठवी-नववीची पोरं आहेत, त्यांच्याबरोबर अंधार पडला की लागणारा दिवा, टाकी भरली की वाजणारा बझर, माती सुकली की लागणारा एलईडी असली उपकरणं बनवत मी शिकवतो. बऱ्याच शिक्षकांचा आणि काही पालकांचाही एकच प्रश्न येतो की सुरुवात कुठून करायची, किट कुठलं घ्यायचं, आर्डुइनो (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आधी की नंतर. म्हणून हे सविस्तर लिहितोय, सरळ या क्रमाने गेलात तरी चालेल.

माझं मत आधीच सांगतो. उपकरण चाललं म्हणजे पोरगं शिकलं असं नसतं. युट्यूबवरचं चित्र बघून वायरी खोचल्या तरी दिवा लागतो. पण "हा दिवा का लागला" हे पोराने मीटर लावून, आकडा दाखवून सांगितलं पाहिजे, शिकवण्याचं सगळं काम तिथेच आहे. आणि त्यासाठी महागडं किट लागत नाही, एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर आणि एक सेन्सर पुरतो. सर्किट एकच ठेवायचं आणि सेन्सर बदलत जायचं, खाली सगळं याच पद्धतीने आहे.

## १. सामान काय काय लागतं

तीन पोरांच्या एका गटाला एवढं धरा:

- ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायचा बोर्ड), ४०० होलचा छोटा पुरतो
- चार पेन्सिल सेलचा बॉक्स, म्हणजे ६ व्होल्ट
- बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (दहा तरी घ्या, दोन-तीन रुपयांची वस्तू आहे आणि जळणार आहेतच)
- लाल एलईडी, ५ मिमी, पाच-सहा
- रेझिस्टर: ३३० ओहम, १० के, ४७ के (के म्हणजे हजार ओहम), प्रत्येकी पाच
- १०० के आणि १ मेगचा (मेग म्हणजे दहा लाख ओहम) प्रीसेट, म्हणजे फिरवून रोध कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, एकेक
- एलडीआर, म्हणजे उजेडाचा सेन्सर, ५ मिमीचा
- १० केचा एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे उष्णतेचा सेन्सर
- ६ व्होल्टवर चालणारा छोटा बझर, ज्याला सप्लाय दिला की स्वतःच वाजतो तो
- साधा डिजिटल मल्टिमीटर, दोन-अडीचशे रुपयांचा चालतो
- दोन स्टीलचे स्क्रू, दोन खिळे, क्रोकोडाइल क्लिपच्या वायरी

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली इथे हे सगळं सुटं मिळतं, बाकीच्यांनी ऑनलाइन मागवावं. जंपर वायरींवर फार पैसे घालवू नका, लॅन केबलचा तुकडा सोलला की आतून आठ रंगीत वायरी निघतात, त्या बऱ्याचदा सिंगल स्ट्रँड (आत एकच जाड तार) असतात आणि ब्रेडबोर्डच्या होलमध्ये छान घट्ट बसतात. केबलवाले किंवा कॉम्प्युटर दुरुस्तीवाले उरलेले तुकडे देऊन टाकतात. फक्त केबल तांब्याची आहे ना बघून घ्या, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर दोन-तीनदा वाकवली की तुटते आणि तुकडा होलमध्येच अडकून बसतो.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी शक्यतो टाळा. सगळ्या किटमध्ये तीच असते पण ती लवकर उतरते, आणि उतरलेली असतानाही मीटरवर आकडा बरा दाखवते, लोड दिला की व्होल्टेज बसतं, मग पोरं सर्किटमध्ये चूक शोधत बसतात. लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले लिथियमचे सेल वर्गात अजिबात नको, ते शॉर्ट झाले तर आग लागू शकते.

मल्टिमीटरवर कंजुसी करू नका. एका वर्गात एकच मीटर असला तर शिकवणं होत नाही, नुसतं प्रात्यक्षिक होतं. प्रत्येक गटाला एक हवाच.

## २. पहिला तास फक्त ब्रेडबोर्ड आणि मीटर

पहिल्याच दिवशी दिवा लावून दाखवायचा मोह होतो, पण तो तास मीटरला द्या. मीटर बझरच्या खुणेवर ठेवायचा, दोन टोकं एकमेकांना लावली की वाजतो. आता पोरांना सांगा की ब्रेडबोर्डची कुठली होलं आतून जोडलेली आहेत ते स्वतः शोधा आणि वहीत काढा. त्यांना कळतं की पाच-पाच होलांची एक ओळ आहे, मधल्या खाचेच्या पलीकडे जोड नाही, आणि कडेच्या लांब पट्ट्या सप्लायसाठी आहेत. मोठ्या ८३० होलच्या काही बोर्डांवर ही कडेची पट्टी मध्येच तुटलेली असते, अर्ध्या बोर्डावर सप्लाय असतो आणि अर्ध्यावर नाही. हे एकदा मीटरने सापडलं की पोरं विसरत नाहीत.

मग रेझिस्टर मोजायला द्या. रंगांचं कोष्टक फळ्यावर लिहा पण पाठ करायला लावू नका. १० के म्हणजे तपकिरी-काळा-नारिंगी, ३३० म्हणजे नारिंगी-नारिंगी-तपकिरी, एवढे रोजचे दोन-तीन आपोआप लक्षात राहतात. मोजताना रेझिस्टरची दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरली तर अंगाचा रोधही त्यात मिसळतो आणि मोठ्या रेझिस्टरचा आकडा चुकतो, हे मुद्दाम करून दाखवा.

## ३. एलईडी, आणि नववीचं गणित कामाला येतं ते

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धाराविद्युत आहे, ओहमचा नियम तिथे आहे, पोरं त्याची उदाहरणं सोडवतात आणि परीक्षा झाली की सोडून देतात. इथे तो परत घ्यायचा. सप्लाय ६ व्होल्ट, लाल एलईडी स्वतःवर साधारण २ व्होल्ट घेतो, उरले ४, ते ३३० ओहमवर पडले म्हणजे करंट साधारण १२ मिलीॲम्पिअर. आधी वहीत काढायचं, मग मीटर लावून रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजायचं. आकडा थोडा इकडेतिकडे आला तर "चुकलं" म्हणू नका, का फरक पडला विचारा, सेल नवे असतील तर ते ६ च्या वर असतात, हे उत्तर पोरंच देतात.

इथे मीटरचा एक सापळा आहे. करंट मोजायला लाल वायर दुसऱ्या सॉकेटमध्ये घालतात आणि नंतर तशीच ठेवून व्होल्टेज मोजायला जातात, मग सेल मीटरमधून शॉर्ट होतात आणि आत फ्यूज असेल तर तो उडू शकतो. म्हणून सुरुवातीला करंट मोजूच देऊ नका. रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा आणि भागाकार करा.

## ४. सेन्सर एकटा मोजा

सर्किट नाही, सेल नाही, फक्त एलडीआर आणि ओहमवर ठेवलेला मीटर. उन्हात, वर्गात, बाकाखाली, मुठीत, डब्यात झाकून. प्रत्येक जागेचा आकडा वहीत. उन्हात काहीशे ओहम किंवा त्याहून कमी, वर्गात एक-दोन केपासून दहा-बारा केपर्यंत, आणि पूर्ण अंधारात आकडा शेकडो के किंवा मेगच्या घरात जातो. प्रत्येक एलडीआर वेगळा असतो, त्यामुळे शेजारच्या गटाचे आकडे जुळणार नाहीत आणि कॉपी करता येत नाही, शिक्षक म्हणून मला हे फार सोयीचं वाटतं.

हीच गोष्ट थर्मिस्टरची. खोलीत दहा केच्या आसपास, बोटात धरला की आकडा खाली येतो, गरम चहाच्या ग्लासाला बाहेरून टेकवला की तीन-चार केपर्यंत उतरतो. म्हणजे उजेड वाढला की एलडीआरचा रोध कमी, उष्णता वाढली की या थर्मिस्टरचा रोध कमी. हे वाक्य पोरांकडून यायला हवं, तुम्ही सांगायचं नाही. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं पाठांतर होतं.

## ५. दोन रोध एकाखाली एक

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग सेन्सरचं सर्किट कधीच कळत नाही.

४७ केचा रेझिस्टर प्लसला, त्याच्या खाली एलडीआर, एलडीआरचा दुसरा पाय मायनसला. मधल्या जोडावर मीटर लावायचा, दुसरं टोक मायनसला. आता एलडीआरवर हात धरा. उजेडात मधलं व्होल्टेज अगदी थोडं, ०.१-०.२ वगैरे, आणि झाकला की ते चढत चढत पाचच्या पुढे जातं. सेन्सर रोध बदलतो आणि त्या बदलाचं आपण व्होल्टेज करतो, एवढंच. त्या क्षणी वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासारखा असतो, कारण पोरांना पहिल्यांदा दिसतं की उजेड हा आकडा होऊन मीटरवर आला.

मग विचारा की एलडीआर वर आणि रेझिस्टर खाली केला तर काय होईल? आधी वहीत अंदाज लिहायला लावा, मग करून बघू द्या. एक पूर्ण तास गेला तरी जाऊ दे.

## ६. ट्रान्झिस्टर आणि अंधाराचा दिवा

बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानदार कधी कधी "हाच आहे, सेम" म्हणून २एन ३९०४ देतो, काम तो करतो पण त्याचे पाय उलटे आहेत, डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. पिशवी एकत्र करू नका.

शिकवताना मी नळाची तोटी सांगतो, बेसला थोडासा करंट दिला की तोटी फिरते आणि कलेक्टरकडून एमिटरकडे मोठा करंट वाहतो. एनपीएन, पीएनपी, डोपिंग हे सगळं नंतर, आत्ता नको.

जोडणी अशी:

- एलईडीचा लांब पाय ३३० ओहममधून प्लसला, आखूड पाय कलेक्टरला
- एमिटर सरळ मायनसला
- पाचव्या पायरीतला मधला जोड बेसला, म्हणजे ४७ के वर प्लसला आणि एलडीआर खाली मायनसला

उजेडात बेसवर पुरेसं व्होल्टेज नाही म्हणून एलईडी बंद. झाकला की बेसचं व्होल्टेज ०.६-०.७ ला पोचतं आणि एलईडी लागतो. आता बेसवर मीटर लावून झाका. मघाशी पाचच्या वर जाणारा आकडा आता ०.७ च्या आसपास अडकतो! "सर मीटर बिघडला" असा आवाज येतोच. मीटर ठीक आहे, बेस आणि एमिटरच्या मध्ये डायोडसारखं दार आहे आणि ते उघडलं की व्होल्टेज तिथेच थांबतं. ट्रान्झिस्टर काढून परत मोजा, परत लावून मोजा, दोनदा केलं की पटतं.

मग ४७ केच्या जागी १०० केचा प्रीसेट आणि त्याच्याबरोबर एका रांगेत १० के लावा. प्रीसेट फिरवला की किती अंधारात दिवा लागायचा ते ठरवता येतं. तो १० के विसरू नका, प्रीसेट पूर्ण एका टोकाला गेला तर बेस सरळ प्लसला जोडला जातो आणि ट्रान्झिस्टर जातो.

अजून एक गंमत बघायला मिळते, एलईडी एलडीआरच्या शेजारीच लावला तर दिवा धड लागत नाही धड विझत नाही, मंद होऊन बसतो. कारण लागलेल्या एलईडीचा उजेड एलडीआरवर पडतो आणि सर्किटला वाटतं दिवस उजाडला. एलडीआरभोवती काळ्या टेपची नळी करा किंवा त्याचं तोंड फिरवा. पण लगेच सांगू नका, पोरांना सापडू द्या.

## ७. आता सर्किट तेच, सेन्सर दुसरा

माती सुकल्याचा दिवा. एलडीआर काढा, त्या जागी दोन वायरी, त्यांना दोन खिळे, खिळे कुंडीत साधारण दोन बोटं अंतरावर खोचा. सुक्या मातीचा रोध जास्त, म्हणजे सर्किटच्या दृष्टीने तो अंधारच आहे, एलईडी लागला. पाणी घाला, विझला. बाकी एकही वायर हलवलेली नाही. काळी माती, लाल माती, वाळू या सगळ्यांचे आकडे वेगळे येतात, १०० केचा प्रीसेट कमी पडला तर १ मेगचा लावा. खिळ्यांमधला रोध मीटरने मोजताना आकडा स्थिर राहत नाही, सरकत जातो, कारण मीटरचा स्वतःचा करंट ओल्या मातीत खिळ्यांवर रासायनिक क्रिया घडवतो. म्हणून इथे ओहम मोजण्यापेक्षा बेसवरचं व्होल्टेज बघा. आणि सप्लाय दिवसरात्र चालू ठेवला तर प्लसकडचा खिळा काही दिवसांत खाऊन जातो, बाजारातल्या दोन पट्ट्यांच्या सेन्सरचंही हेच होतं. मोजायच्या वेळेपुरताच सप्लाय द्या. कायमचं बसवायचं असेल तर कपॅसिटिव्ह प्रकारचा सेन्सर घ्या, त्याच्या पट्ट्या मातीला उघड्या लागत नाहीत, पण तो या साध्या सर्किटला चालत नाही, त्याला आर्डुइनो लागतो.

उष्णतेचा अलार्म. इथे पोरांना अडकवा. थर्मिस्टर एलडीआरच्या जागी लावला तर गरम झाल्यावर एलईडी विझतो, आपल्याला उलट हवंय. काय कराल? पाचव्या पायरीत वर-खाली करून बघितलेलं ज्याला आठवतं तो लगेच थर्मिस्टर वर आणि प्रीसेट खाली नेतो. एवढं एक जमलं की त्या पोराला सर्किट कळलं असं मी मानतो.

टाकी भरल्याचा बझर. गावाकडे लाइट कधी येईल सांगता येत नाही, मोटर चालूच ठेवतात आणि टाकी वाहत राहते, त्यामुळे घरी दाखवायला पोरांना हेच उपकरण सगळ्यात आवडतं. एक स्टीलचा स्क्रू प्लसला, दुसरा १० केमधून बेसला, एलईडीच्या जागी बझर (त्याचा प्लस सप्लायला, मायनस कलेक्टरला, ३३० ओहम काढून टाका). दोन्ही स्क्रूंना पाणी लागलं की बझर वाजतो. तो १० के इथेही गाळायचा नाही, स्क्रू एकमेकांना टेकले तर तोच ट्रान्झिस्टर वाचवतो. तांब्याची उघडी वायर पाण्यात ठेवली तर हिरवी पडते, म्हणून स्टील.

मग बोअरचं पाणी, नळाचं पाणी, आरओचं पाणी आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी असे चार ग्लास मांडा. आरओच्या पाण्यात बझर बारीक वाजतो किंवा वाजतच नाही. पाणी करंट वाहतं ते त्यातल्या क्षारांमुळे, हे एका मिनिटात दिसतं. आरओच्या पाण्यावरही वाजवायचं असेल तर अजून एक बीसी ५४७ जोडा, पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, दोघांचे कलेक्टर एकत्र, दुसऱ्याचा एमिटर मायनसला. दोघांची ताकद गुणली जाते.

## ८. चालत नसेल तर, याच क्रमाने

तुम्ही हात लावू नका. खरंच सांगतो, सगळ्यात अवघड हेच आहे, आपल्याला चूक लांबूनच दिसत असते आणि हात शिवशिवतो. पण तुम्ही वायर बदललीत की पोराचं शिकणं तिथे थांबतं. फळ्यावर कायमचं लिहून ठेवा:

१. सेल बॉक्सच्या टोकांवर किती व्होल्ट? ब्रेडबोर्डच्या पट्टीवर तेवढेच आहेत का?
२. एलईडी उलटा आहे का?
३. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू कुठे आहे?
४. एकाच पाच होलांच्या ओळीत एका वस्तूचे दोन पाय गेलेत का? मग ती वस्तू शॉर्ट आहे.
५. बेस आणि एमिटरमध्ये किती व्होल्ट? ०.६ च्या खाली असेल तर दोष सेन्सरच्या बाजूला, ०.७ असेल तर दोष एलईडीच्या बाजूला.
६. १ व्होल्टच्या वर असेल तर ट्रान्झिस्टर गेला किंवा एमिटरची वायर सुटली.

पाचवा मुद्दा नीट समजवा, तिथून सर्किट दोन भागात तुटतं आणि शोध निम्मा होतो. ट्रान्झिस्टर चांगला आहे का बघायला मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, लाल टोक बेसला, काळं आधी एमिटरला मग कलेक्टरला, दोन्हीकडे ६००-७०० च्या आसपास आकडा आला तर चांगला. (दोन ट्रान्झिस्टर जोडलेल्या बझरमध्ये पहिल्याच्या बेसवर १.२-१.४ व्होल्ट दिसणार, तो दोष नाही.)

आणि गटातली कामं फिरवत ठेवा. एकाने वायरी, एकाने मीटर, एकाने वही, दर तासाला बदल. हे सक्तीने केलं नाही तर मुलींच्या हातात वही आणि मुलांच्या हातात मीटर अशीच वाटणी वर्षभर चालते, मी हे खूप ठिकाणी बघितलंय आणि मला ते अजिबात मान्य नाही.

## ९. पंप, मोटर आणि घरची लाइट

एलईडीच्या जागी सरळ छोटा पंप लावू नका. बीसी ५४७ ची मर्यादा १०० मिलीॲम्पिअर आहे, ५ व्होल्टचा छोटा पाण्यातला पंप त्यापेक्षा जास्त ओढतो, ट्रान्झिस्टर गरम होऊन जातो. पंपाला रिले लागतो, म्हणजे छोट्या करंटने चालू-बंद होणारा स्विच. सुटा रिले वापरलात तर त्याच्या आतल्या कॉइलवर उलटा डायोड, १एन ४००७, हवाच, कारण रिले बंद होताना कॉइल उलट्या दिशेने मोठा झटका देते आणि ट्रान्झिस्टर मरतो. तयार रिले मॉड्यूलवर तो असतो.

आता महत्त्वाचं. २३० व्होल्टला विद्यार्थ्याने काहीही जोडायचं नाही. रिले मॉड्यूलवर २५० व्होल्ट छापलेलं असतं म्हणून पोरं बल्ब जोडायला निघतात, घरी जाऊन करतात. पहिल्याच दिवशी पालकांनाही निरोप द्या. दाखवायचं असेल तर ५ किंवा १२ व्होल्टचा एलईडी बल्ब, कॉम्प्युटरचा जुना पंखा, छोटा पंप, यावर सगळं शिकवून होतं. टाकीच्या खऱ्या मोटरला जोडायचं काम वायरमनचं.

## १०. आर्डुइनो कधी आणायचा

पोरं स्वतःहून असा प्रश्न विचारतील ज्याला ट्रान्झिस्टर पुरत नाही, तेव्हा. तो प्रश्न येतोच. संध्याकाळी उजेड हळूहळू कमी होतो तेव्हा आपला दिवाही हळूहळू चढतो, झटकन लागत नाही. किंवा "टाकी अर्धी रिकामी झाली की मोटर चालू आणि पूर्ण भरली की बंद" असं हवं असतं, मधल्या पातळीला मोटर चालू असावी की बंद हे आधी काय चाललं होतं त्यावर ठरतं, म्हणजे लक्षात ठेवणारं काहीतरी लागतं. इथे आर्डुइनोचा उनो हा बोर्ड आणा.

पहिला प्रोग्राम फक्त आकडा दाखवणारा. एलडीआर ५ व्होल्टला, १० के ग्राउंडला, मधला जोड उनोच्या ए शून्य या पिनला, सिरियल मॉनिटरवर (कॉम्प्युटरवर उनोचे आकडे दाखवणारी खिडकी) ० ते १०२३ मधला आकडा पळताना दिसतो. ही आपली पाचवी पायरीच आहे, फक्त मीटरच्या जागी उनो आलाय. ५ व्होल्टचे १०२४ भाग म्हणजे एक भाग साधारण ४.९ मिलीव्होल्ट. एलएम ३५ तापमान सेन्सर एका अंशाला १० मिलीव्होल्ट देतो, मग ३० अंशाला किती आकडा यायला हवा ते आधी वहीत काढा, ६१ च्या आसपास येतो. (एलएम ३५ उलटा लावला की चटका बसेल इतका तापतो, आधी पाय बघा.)

दुसरा प्रोग्राम: आकडा ३०० च्या खाली गेला की दिवा चालू, ४०० च्या वर गेला की बंद, मध्ये असेल तर आहे तसं राहू दे. दोन मर्यादा का ठेवल्या ते कळायला एकदा एकच मर्यादा ठेवून रिले जोडा, संध्याकाळच्या उजेडात तो टकटकटक करत बसतो.

इथे वेळ खाणाऱ्या गोष्टी:

- कॉम्प्युटरला पोर्ट दिसत नाही. स्वस्त उनोवर सीएच ३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर टाकावा लागतो. नाहीतर केबल फक्त चार्जिंगची आहे, तिच्यात डेटाच्या वायरीच नसतात.
- सिरियल मॉनिटरवर भलतीच अक्षरं येतात. प्रोग्राममध्ये लिहिलेला वेग (९६००) आणि मॉनिटरमध्ये निवडलेला वेग वेगळा आहे.
- रिले उलटा चालतो. बरीच मॉड्यूल पिन लो (० व्होल्ट) केली की चालू होतात.
- पंप चालू झाला की उनो रिसेट होतो. पंपाला वेगळे सेल द्या.
- माणूस आला की दिवा लावणारा पीआयआर सेन्सर सुरुवातीला वेड्यासारखा वागतो. सप्लाय दिल्यावर त्याला स्थिर व्हायला साधारण एक मिनिट लागतं.
- आवाजाने अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर २ सेंटिमीटरच्या आतलं मोजत नाही, म्हणून टाकीच्या झाकणाला लावताना भरलेल्या पाण्यापासून अंतर ठेवा.

सामान कमी असेल तर टिंकरकॅड या वेबसाइटवर सर्किट ब्राउझरमध्ये फुकट करून बघता येतं. घरच्या अभ्यासाला छान आहे. पण तिथे लूज कॉन्टॅक्ट नसतो, उतरलेला सेल नसतो, म्हणून वर्गातल्या कामाच्या ऐवजी ते वापरू नका.

## ११. पक्कं करणं

एक उपकरण तरी व्हेरो बोर्डवर (तांब्याच्या पट्ट्या आणि होलं असलेला बोर्ड) सोल्डर करून घ्याच. २५ वॅटची सोल्डरिंग गन पुरते. आधी पाय आणि पट्टी गरम करायची मग सोल्डर लावायचं, गनच्या टोकावर थेंब घेऊन चिकटवायचा नाही. खिडक्या उघड्या, एका वेळी दोनच पोरं, डोळ्यावर साधा चष्मा. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून खिचडीच्या सुट्टीआधी साबणाने हात धुवायला लावा.

## १२. पैसे, प्रदर्शन आणि कागदपत्रं

वरचं ट्रान्झिस्टरपर्यंतचं सामान मल्टिमीटर धरून एका गटाला हजाराच्या आतच बसतं. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर सामान कपाटात पडलेलंच असेल, नीती आयोगाची ही योजना २०१६ पासून आहे, आधी स्टॉक रजिस्टर बघा. इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या पुरस्कारात निवडलेल्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये मिळतात, ते थेट त्याच्या बँक खात्यात येतात. त्यासाठी विद्यार्थ्याची माहिती, खात्याचा तपशील आणि कल्पनेचा थोडक्यात मजकूर शाळेने ऑनलाइन भरायचा असतो, खातं आधीच उघडून ठेवा, शेवटच्या आठवड्यात फार पळापळ होते. पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला, हाताने करून शिकण्याचं काम ते वर्षानुवर्षं शाळांबरोबर करतायत, जमलं तर जाऊन बघून या.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला तयार प्रोजेक्ट विकत आणून ठेवू नका. त्यापेक्षा दोन खिळ्यांचा मातीचा दिवा न्या, शेजारी पोरांची वही उघडी ठेवा, आकड्यांच्या पानावर, आणि एक मल्टिमीटर टेबलावर ठेवा. परीक्षकांनी काही विचारलं की पोराने बेसवर मीटर लावून उत्तर द्यायचं. आणि जादा सेल, दोन ट्रान्झिस्टर, चिकटपट्टी बरोबर असू द्या, प्रवासात वायरी हलतातच.